दिसला का बिबट्या?

निफाडकडून परत आल्यापासून फोनवर एकच प्रश्न ऐकते आहे. पुण्याहून धाकट्या जाऊबाईंचा फोन आला, "दिसला का हो बिबट्या?" अमेरिकेतल्या भाचीने विचारलं, "मावशी, बिबट्याचा फोटो काढलास का?" खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी तर दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं तेव्हाच जिन्यात गाठलं. थंडी किती होती, जेवण कसं होतं, तलावावर पक्षी कोणते आले होते, हे एकानेही विचारलं नाही.

तर मंडळी, उत्तर असं आहे, की हो, दिसला. चांगला दोन-तीन मिनिटं दिसला. आणि दिसला नसता तर बरं झालं असतं, असं आता मला वाटतं. का वाटतं, ते प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकते.

नाताळच्या सुट्टीत मुलगा, सून आणि नऊ वर्षांचा नातू नाशिकला आले होते. दोन दिवस कुठेतरी शांत जागी जाऊ, असं सुनेच्या मनात होतं. हल्ली आपल्याकडे कृषी पर्यटन केंद्रं पुष्कळ झाली आहेत. द्राक्षाचा मळा, चुलीवरचं जेवण, बैलगाडी, हुरडा, राहायला चार-सहा खोल्या. मुलाने मोबाईलवर शोधून निफाड तालुक्यातलं एक ठरवलं. नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य जवळ आहे, हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे मी. याच तालुक्यातल्या शाळेत मी कितीतरी वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर तिकडे जाणंच झालं नव्हतं. "आई, तुझं माहेर फिरवून आणतो," असं मुलगा म्हणाला. माझं माहेर मनमाडचं, पण शाळेलाही माहेरच म्हणायला हवं. असो.

निफाडची थंडी तुम्हाला माहीत आहेच. डिसेंबर-जानेवारीत महाराष्ट्रातलं सर्वात कमी तापमान म्हणून कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा पेपरात येतो, ते हेच निफाड. पहाटे साडेपाचला उठलो तेव्हा बाहेर कोणीतरी द्राक्षबागेत शेकोट्या पेटवल्या होत्या. थंडीने मणी तडकू नयेत म्हणून बागेत धूर करतात. नातवाला वाटलं, आपल्यासाठीच कॅम्प फायर लावला आहे!

सहा-साडेसहाला चापडगावला पोहोचलो. वनखात्याच्या दारात तिकीट काढलं, गावातलाच एक तरुण गाइड म्हणून सोबत घेतला. त्याने दुर्बिणी दिल्या आणि पहिली गोष्ट सांगितली ती अशी, "बोलायचं नाही, पळायचं नाही, आणि लाल स्वेटर असेल तर वरून शाल घ्या." लाल स्वेटर माझाच होता. चाळीस वर्षं वर्गात "गप्प बसा" म्हणत आले, आता एका पोराने मला गप्प बसवलं. गंमत वाटली.

मनोऱ्यावर जाऊन बसलो. पहिली पंधरा मिनिटं नुसतं धुकं. नातू कंटाळला. "आजी, काहीच नाहीये," असं चार वेळा म्हणाला. मग ऊन आलं, धुकं वर सरकलं आणि पाण्यावर काळे ठिपके दिसायला लागले. शेकड्यांनी. गाइड हळूच म्हणाला, "वारकरी." काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, म्हणून हा पक्षी वारकरी. मग दिसलं हळदी-कुंकू. या बदकाच्या चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी लाल ठिपका, जणू आत्ताच कोणीतरी सवाष्ण म्हणून लावून दिलं आहे. शेपटी टोकदार ते तलवार बदक. पसरट चोचीने पाणी चाळतो तो थापट्या. कमळाच्या पानांवरून लांब बोटांनी चालत जाणारा कमळपक्षी. नातवाला नावांची इतकी मजा वाटली, की तो पक्ष्यापेक्षा नावच आधी विचारायला लागला. मराठी घेऊन बी.ए. केलेल्या बाईला याहून जास्त काय हवं? आपल्या लोकांनी पक्ष्यांना किती मायेने नावं ठेवली आहेत, ते कळायला मारुती चितमपल्लींचा 'पक्षीकोश' एकदा चाळावा. चितमपल्ली २०२५ च्या जून महिन्यात गेले. तो कोश घरात असू द्यावा असाच आहे.

हे अभयारण्य मुळात माणसाने केलेलं आहे, हे मी वर्गात मुलांना नेहमी सांगत असे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने बंधारा बांधला. हेतू पक्ष्यांचा नव्हता, दुष्काळी भागाला पाणी द्यायचा होता. इथूनच गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन कालवे निघून कोपरगाव-राहात्याकडे जातात. बंधाऱ्यात वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, मध्ये बेटं झाली, पाणवनस्पती वाढल्या. धरणाच्या दृष्टीने गाळ म्हणजे नुकसान, पण पक्ष्यांना नेमकं तेच हवं होतं. १९८६ मध्ये अभयारण्य झालं. सलीम अलींनी याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं, असं इथे सगळे अभिमानाने सांगतात. २०२० च्या जानेवारीत रामसर यादीत नाव लागल्याचं जाहीर झालं. महाराष्ट्रातली ती पहिली रामसर पाणथळ जागा.

पण त्याच पाण्याने आणखी एक गोष्ट केली. नदीकाठी आणि कालव्याकाठी ऊस आला. ऊस एकदा लावला की वर्ष-दीड वर्ष उभा राहतो. आत सावली, गारवा, लपायला जागा. बिबट्याला जंगल आणि ऊस यात फरक कशाला वाटेल? उसातच पिल्लं होतात, उसातच वाढतात. तोडणी सुरू झाली की पिल्लं सापडल्याच्या बातम्या येतात. मग वनखात्याची माणसं पिल्लं टोपलीत किंवा क्रेटमध्ये घालून रात्री त्याच जागी ठेवतात आणि आई येऊन एकेक तोंडात धरून घेऊन जाते. म्हणजे पक्षी आणि बिबट्या दोघांनाही इथे आणलं ते पाण्यानेच. आम्ही सकाळी एक पाहिला आणि रात्री दुसरा. दोन्ही पाहण्यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक होता. त्याबद्दलच मला बोलायचं आहे.

दुपारी जेवताना केंद्राच्या मालकांचा मुलगा आला. तिशीचा, बोलायला गोड. म्हणाला, "आजी, रात्री साडेनऊला गच्चीवर या. बिबट्या दाखवतो." मुलगा म्हणाला, "नक्की दिसेल?" तो म्हणाला, "चार दिवसांतून तीन दिवस येतो. कालच्या पार्टीला दिसला." नातवाच्या हातातला घास हातातच राहिला.

रात्री गच्चीवर खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. आणखी दोन कुटुंबं होती, एक मुंबईचं, एक ठाण्याचं. स्वयंपाकघराच्या मागे तारेचं कुंपण, कुंपणापलीकडे एक खड्डा, खड्ड्याच्या वर एक दिवा आणि पलीकडे काळाकुट्ट ऊस. खड्ड्यात काय आहे ते मला लगेच कळलं नाही. वास आला तेव्हा कळलं. कोंबडीची पिसं, आतडी, उरलंसुरलं मटण. चार-पाच कुत्री तिथे हुंगत होती.

दहाच्या सुमाराला कुत्री एकदम भुंकली आणि तितक्याच एकदम पळाली. उसाची पानं हलली आणि तो बाहेर आला. मी खोटं बोलणार नाही. अंगावर काटा आला. इतकं देखणं जनावर मी पिंजऱ्याबाहेर कधी पाहिलं नव्हतं. चालताना आवाज म्हणून नाही. दिव्याच्या उजेडात डोळे चमकले तेव्हा नातवाने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. बिबट्याने खड्ड्यातून काहीतरी उचललं, एकदा वर आमच्याकडे पाहिलं आणि उसात गेला. मुंबईच्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण मनातून खूश झाले होते. रात्री बराच वेळ झोप लागली नाही ती आनंदानेच.

सकाळी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला भेटायला गेले. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. त्याची वस्ती या केंद्रापासून दोन शेतं ओलांडली की आहे. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. आता पन्नाशी उलटली आहे, तरी मला पाहून हातातला फावडा टाकून पाया पडला. बायकोने चहा टाकला. मी आपली रात्रीच्या उत्साहात, "अरे, काल बिबट्या पाहिला!"

तो हसला नाही. थोडा वेळ थांबून म्हणाला, "बाई, तुम्हाला तो दिसावा म्हणून तुम्ही पैसे भरता. आम्हाला दिसू नये म्हणून आम्ही रात्रभर डबा वाजवतो."

मग हळूहळू बोलला. शेतीपंपाची थ्री फेज वीज पाळीपाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की गव्हाला पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं. एका हातात बॅटरी, एका हातात काठी, खिशातल्या मोबाईलवर मोठ्याने अभंग लावलेला. बारं मोडायला वाकावं लागतं आणि वाकलेला माणूस बिबट्याला माणसासारखा दिसत नाही. म्हणून त्याची बायको सोबत जाते आणि बांधावर नुसती उभी राहून बॅटरी फिरवत बसते. दोघांची झोप जाते. मुलगी ज्युनिअर कॉलेजला आहे, हिवाळ्यात एसटीतून उतरेपर्यंत अंधार पडतो, म्हणून हा रोज फाट्यावर घ्यायला जातो. गेल्या वर्षी ओट्यावरून कुत्रा नेला. "तेव्हापासून रोजचीच वाट झाली आहे त्याची," म्हणाला. "तिकडे जेवायला जातो, येताना आमच्या अंगणातून."

पलीकडच्या शेतात ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडल्या होत्या. पाचटाची भिंत, दाराच्या जागी साडी. आत एक बाई पोराला पाजत बसली होती. त्या कोपीपासून आमची गच्ची दिसत होती. आमच्या खुर्च्याही दिसत होत्या.

मी चहा तसाच ठेवला, असं लिहिलं तर ते नाटकी होईल. चहा प्यायले. पण परत येताना पाय जड झाले होते.

दुपारी मुलाशी बोलले. त्याने वाद घातला आणि त्याचे मुद्दे वाईट नव्हते. तो म्हणाला, "आई, बिबट्या तसाही तिथे आहेच. खड्डा नसला तरी येणारच. शिवाय लोकांना तो दिसला, आवडला, तरच लोक त्याला वाचवतील. मारून टाका म्हणणाऱ्यांपेक्षा बघायला येणारे बरे नाहीत का?"

यातलं अर्धं मला पटतं. बिबट्या आहेच, हे खरं. आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला होता, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगल नाही, नुसती शेती आणि भरपूर माणसं, अशा भागात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले. म्हणजे बिबट्या चुकून गावात शिरला, असं आपण म्हणतो ते बरोबर नाही. तो तिथलाच रहिवासी आहे. तो खातो काय, हेही त्यांनी पाहिलं. वजनाच्या हिशेबाने सर्वात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, जवळजवळ ४० टक्के. आता सांगा, कुत्री कुठे जमतात? उकिरड्यावर. म्हणजे आपण जिथे खरकटं टाकू तिथे कुत्री आणि जिथे कुत्री तिथे तो. हॉटेलच्या मागचा खड्डा हा नुसता कचऱ्याचा प्रश्न नाही. बिबट्याने रोज कोणत्या वाटेने जायचं, ते आपणच ठरवून देतो आहोत.

पकडून दुसरीकडे सोडा, हा उपायही आपण करून पाहिला आहे. पुणे जिल्ह्यात जुन्नरला २००१ पासूनच्या काही वर्षांत पुष्कळ बिबटे पिंजरे लावून पकडले आणि लांबच्या जंगलात सोडले. हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले, असं पुढच्या अभ्यासात दिसलं. ओळखीचा मुलूख सुटलेलं जनावर बिथरतं. तेव्हा शेजारी म्हणून राहायचंच आहे, तर शेजाऱ्याला कुठली सवय लावायची आणि कुठली नाही, हे आपल्याच हातात उरतं.

मुलाच्या दुसऱ्या मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. पाहिल्याने प्रेम वाटतं, हे खरं. पण कसं पाहिलं यावर ते अवलंबून आहे. सकाळी मनोऱ्यावर आम्ही बसलो होतो तेव्हा वारकऱ्यांना आमच्याकडून काही मिळत नव्हतं आणि आम्ही त्यांच्याकडून काही घेत नव्हतो. ते आले नसते तर आम्ही धुकं पाहून परतलो असतो. तासभर गप्प बसल्याबद्दल जे मिळालं ते मिळालं. रात्री मात्र आम्ही आमिष लावून बसलो होतो. गच्ची हे मचाण आणि खड्डा हे बांधलेलं बकरू. बंदूक नव्हती, एवढंच.

ही माझी अतिशयोक्ती नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या वाचा. मारणं, पकडणं, सापळा लावणं यांच्या जोडीला आमिष दाखवणंही त्यात धरलेलं आहे, आणि तसा नुसता प्रयत्नसुद्धा. बिबट्या या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कचऱ्याच्या खड्ड्याला आमिष म्हणायचं की नाही, ते वकील ठरवतील. पण भोवती खुर्च्या मांडून वर दिवा लावला, की मला तरी शंका उरत नाही. नागरिकशास्त्र शिकवताना कायद्याविषयी मी किती बोलले असेन आणि त्या रात्री मात्र खुर्चीवर शाल गुंडाळून बसले होते.

असं करणारे आपण पहिले नाही. गीरमध्ये एकेकाळी पाहुण्यांसाठी जनावर बांधून सिंह दाखवत असत, ते पुढे बंद करावं लागलं. आणि आमिष नसलं तरी नुसती हावही पुरते. ३१ डिसेंबर २०२४ ला विदर्भात उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना दोन्ही बाजूंनी घेरलं होतं. त्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरले आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांत बसलेली माणसं काही दुष्ट नव्हती. आपल्यासारखीच सुट्टीला आलेली, मुलाबाळांची माणसं होती. प्रत्येकाला घरी जाऊन 'दिसला' असं सांगायचं होतं. चालकाला आणि गाइडला शिक्षा होते, मागणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही.

आमच्याच जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याकडे आदिवासी बांधव वाघबारस करतात. आपण वसुबारसेला गाय-वासराची पूजा करतो, त्याच दिवशी त्यांच्याकडे वाघदेवाची पूजा असते. त्याला नैवेद्य असतो, मान असतो. पण तो वाघदेव गावाच्या वेशीवर असतो, स्वयंपाकघराच्या मागे नसतो. आमची गुरंढोरं, आमची पोरं सांभाळ, आम्ही तुझा मान ठेवू, असा तो करार आहे. बिबट्यावर प्रेम करायचं म्हणजे काय, हे त्यांना आपल्यापेक्षा आधीपासून कळलेलं आहे, असं मला वाटतं.

निघायच्या आधी मी त्या केंद्राच्या मालकांकडे गेले. मुलगा म्हणत होता, "आई, जाऊ दे, आपलं काय जातंय?" पण राहवेना. मालक माझ्याच वयाचे असतील. शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी त्यांची बाजू सांगितली. लागोपाठ दोन वर्षं अवकाळीने द्राक्षं गेली, कर्ज झालं, तेव्हा या खोल्या बांधल्या. "बाई, पक्षी बघायला वर्षातून दोन महिने चार गिऱ्हाईकं येतात. बिबट्या म्हटलं की बारा महिने गाड्या लागतात. फोन आला की पहिला प्रश्न, बिबट्या दिसेल का? नाही म्हटलं की फोन ठेवतात, पुढच्या केंद्राला लावतात. मी खड्डा बुजवतो, पण तुम्ही तुमच्या माणसांना सांगाल का, की असं मागू नका म्हणून?"

मी सांगते म्हटलं. हा लेख म्हणजे त्यांना दिलेला शब्द आहे.

म्हणून नातेवाइकांना आणि वाचक मित्रांना हात जोडून सांगते. अशा ठिकाणी जरूर जा. शेतकऱ्याच्या हाती चार पैसे येतात, मुलांना गहू झाडावर येत नाही एवढं तरी कळतं. पण फोन करताना 'बिबट्या दिसेल का' हे विचारू नका. त्याऐवजी विचारा, की उरलेलं अन्न आणि मांसाचे टाकाऊ तुकडे कुठे जातात? खड्डा झाकलेला आहे का? रात्री लाउडस्पीकर लावता का? गावातला गाइड मिळेल का? चार गिऱ्हाईकांनी हे विचारलं तर पाचव्या वेळी मालक स्वतःहून सांगायला लागेल. धंदा गिऱ्हाइकाच्या प्रश्नांवर चालतो. आणि वाटेत नशिबाने बिबट्या दिसलाच, तर गाडीच्या काचा बंद ठेवून गुपचूप पाहा आणि त्याला जाऊ द्या. ते पाहणं खरं.

दुसरं म्हणजे, बिबट्या वाचवा असं म्हणणाऱ्या आपण शहरातल्यांनी शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, हेही तितक्याच मोठ्याने म्हणायला हवं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला तो शेतीला दिवसा वीज द्यायला. ते काम जिथे पूर्ण होईल तिथे माझ्या विद्यार्थ्यासारख्या कितीतरी जणांना अंधारात वाकून बारं मोडावं लागणार नाही. वन्यजीवप्रेमी मंडळींच्या मागण्यांच्या यादीत ही मागणी मी फारशी पाहिलेली नाही. ती पहिल्या पाचात असावी.

खड्डा बुजला की नाही, मला अजून माहीत नाही. विद्यार्थ्याला फोन करायचा आहे, पण बुजला नसेल तर काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून दोन दिवस ढकलते आहे. आज करीन.

नातवाने पुण्याला गेल्यावर वर्गात बिबट्याची गोष्ट सांगितली, म्हणे. सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. मला वाटलं, झालं, याच्याही डोक्यात तेवढंच राहिलं. पण काल रात्री झोपायच्या आधी त्याने स्वतःहून फोन लावला आणि विचारलं, "आजी, त्या काकांची लाइट आज दिवसा आहे की रात्री?"

मला सांगता आलं नाही. विचारून सांगते म्हटलं.